ओल्ड कोर्सवर शंभरच्या आत यायचंय? आधी बॉल खाली आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ४१, कोल्हापूरचेच, सहा वर्षं गोल्फ खेळताय, हँडिकॅप २२ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा चांगल्या दिवशी साधारण बावीस जास्त), ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या लांब फटक्याचा क्लब, स्लाइस होतो, बॉल उजवीकडे वळतो. ऑगस्टमध्ये बायकोबरोबर आठ दिवस स्कॉटलंडला चाललाय आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एक राऊंड खेळायचाच आहे. बायको खेळत नाही. एक एजंट हमखास टी टाइम (कोर्सवर खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) म्हणून मोठं पॅकेज गळ्यात मारतोय. आणि शेवटी विचारलंय, १०० फटक्यांच्या आत यायला नवीन ड्रायव्हर घेऊ का.

ड्रायव्हर घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

मी शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री चालवतो, वय ६१, गेली २६ वर्षं खेळतोय, हँडिकॅप १३ वर येऊन अडकलाय आणि आता तो तिथंच मरणार. ओल्ड कोर्स दोनदा खेळलोय, २०१४ ला चौघं मित्र मिळून आणि २०१९ ला मित्रांशिवाय. पहिल्यांदा १०७ मारले, दुसऱ्यांदा ९१. दोन्ही वेळा बॅग तीच, क्लब तेच, माझा स्विंगसुद्धा तेवढाच वाकडा. मधल्या पाच वर्षांत बदललं ते एवढंच, की बॉल कुठून न्यायचा हे कळलं. त्यामुळं मी जे सांगतोय ते कोच म्हणून नाही, १०७ मारून आलेला माणूस म्हणून सांगतोय असं समजा.

तुम्ही विचारलाय स्कोअर, पण मला तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी दिसतात. एक म्हणजे त्या कोर्सवर पाय ठेवायला मिळणं, ते निम्मं नशीब आणि निम्मं नियोजन. दुसरी म्हणजे आपण इथं जो गोल्फ शिकतो, पुण्यात येरवड्याला म्हणा, बेळगावात म्हणा, तो सगळा हवेतला गोल्फ. बॉल उंच उडवायचा, तो ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, पडायचा आणि थांबायचा. तिथं बॉल पडतो आणि चालायला लागतो. लाल मातीत तयार झालेला मल्ल पहिल्यांदा मॅटवर उतरतो तसं होतं, ताकद तीच, डाव तेच, पण मातीत अर्धा तास रेंगाळणारी कुस्ती तिथं सहा मिनिटांत गुणांवर संपते आणि हा अजून खडाखडीच करत असतो.

आधी पहिली अडचण. ओल्ड कोर्स हा कुणाच्या खाजगी क्लबचा नाही, हे आपल्याकडच्या लोकांना खरंच वाटत नाही. सार्वजनिक जागा आहे, सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट चालवतो, आणि आर अँड ए (रॉयल अँड एन्शंट) म्हणून जो जुना क्लब, १७५४ चा, त्याची इमारत पहिल्या टीच्या, म्हणजे जिथून पहिला बॉल मारतात त्या जागेच्या, मागं उभी असली तरी कोर्स त्यांच्या मालकीचा नाही. म्हणजे तुम्ही आणि मी फी भरून खेळू शकतो. फी सीझनमध्ये तीनशे पौंडांच्या वर आहे, ती काही स्वस्त नाही, पण त्यात कुणाची ओळख लागत नाही.

टी टाइमचा मोठा हिस्सा सोडतीवर जातो, त्याला तिथं बॅलट म्हणतात. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नाव द्यायचं, मग संध्याकाळपर्यंत यादी लागते. पण त्याला कमीत कमी दोन खेळाडू लागतात, जास्तीत जास्त चार. तुमची गाडी इथं अडकते कारण वहिनी खेळत नाहीत. एकट्या माणसासाठी वेगळी सोडत आहे. पूर्वी तिथं रात्रभर रांग लागायची, २०१९ ला मी स्वतः पहाटे अडीचला जाऊन उभा राहिलो होतो, माझ्यापुढं अकरा जण, त्यातले दोघं स्लीपिंग बॅगमध्ये घोरत होते, आणि मला सकाळी साडेदहाला तिघांच्या ग्रुपमध्ये चौथा म्हणून घुसवलं. ती रांग २०२४ पासून बंद झाली. आता आदल्या दिवशी तिथं प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि मग सोडत. प्रत्यक्ष हा शब्द महत्त्वाचा आहे, त्यामुळं एडिनबराला राहून हे जमवू असं मनात असेल तर सोडा, सेंट अँड्र्यूजमध्ये किंवा अगदी जवळपास मुक्काम करा. तसंही ऑगस्टमध्ये एडिनबराला फेस्टिव्हल असतो आणि हॉटेलचे दर बघून तोंडचं पाणी पळतं. गावात रेल्वे नाही, १९६९ ला बंद झाली, ल्युकर्स स्टेशनला उतरायचं आणि पुढं बस नाहीतर टॅक्सी.

रविवारी कोर्स बंद असतो. ओपनसारखी मोठी स्पर्धा असेल तरच रविवारी खेळ, नाहीतर त्या दिवशी ती गावाची बाग होते, लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, उड्या मारतात. हा तोटा नाही, हा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो फुकट आहे. रविवार मुक्कामात येईल असा प्रवास बसवा आणि वहिनींना घेऊन सगळा कोर्स चालून या. ओढ्यावरच्या त्या प्रसिद्ध दगडी पुलावर फोटो काढायचा तो त्या दिवशीच निवांत काढा, कारण राऊंडमध्ये मागचा ग्रुप डोक्यावर असतो.

मग आठ दिवसांचं गणित असं बसतं. पोचल्यावर पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज एकट्याच्या सोडतीत नाव. कुणी दुसरा भारतीय किंवा अमेरिकन एकटा भेटला, आणि तिथं हॉटेलच्या नाष्ट्याला असे एकटे भेटतातच, तर दोघं मिळून बॅलटलाही नाव टाकता येतं. लागेल का? ऑगस्ट हा गर्दीचा महिना, मी खात्री देत नाही. आम्ही २०१४ ला चार वेळा नाव टाकलं तेव्हा एकदा लागलं. म्हणून बाकीचे दिवस रिकामे ठेवू नका, शेजारच्या न्यू कोर्सचं बुकिंग आधीच करून टाका. नाव न्यू असलं तरी १८९५ चा आहे, ओल्ड टॉम मॉरिसनं आखलेला, आणि जमीन तीच, वारा तोच. त्याला लागूनच ज्युबिली आहे. माझं मत विचाराल तर ओल्ड कोर्सच्या आधी न्यूवर एक राऊंड झालेला असणं हे कुठल्याही ड्रायव्हरपेक्षा जास्त स्ट्रोक वाचवतं.

एजंटबद्दल. हमखास टी टाइम हा प्रकार खरा आहे, खोटा नाही, ट्रस्टनं नेमलेल्या काही कंपन्यांना ठरावीक वेळा मिळतात आणि त्या हॉटेलसकट पॅकेज विकतात. पण इथला एजंट त्यांच्यापैकी कुणाकडून घेतोय हे त्याला नावानिशी विचारा आणि ट्रस्टच्या यादीत ते नाव बघा. माझ्या एका मित्राला असाच टी टाइम विकला गेला होता, तिथं गेल्यावर कळलं की टी टाइम आहे पण शेजारच्या कोर्सचा. पैसे परत मिळाले, तो दिवस गेला तो गेलाच. परवडत असेल आणि एकदाच जाणं होणार असेल तर अधिकृत पॅकेज घेण्यात काही कमीपणा नाही. हँडिकॅपचं सर्टिफिकेट मात्र क्लबकडून ताजं घेऊन जा, तिथं मागतात. तुमचा २२ चालतो. आणि जे कुणी २०२७ च्या उन्हाळ्यात जायचा विचार करतायत त्यांनी आधी तारखा बघा, त्या वर्षीची ओपन तिथंच आहे.

आता खेळ.

माझा २०१४ चा पहिला शॉट सांगतो. पहिली टी, मागं तो दगडी क्लबहाऊस, बाजूला रेलिंगला टेकून गावातली रिकामटेकडी माणसं बघतायत, समोर पहिल्या आणि अठराव्या होलची फेअरवे (टी ते ग्रीन कापलेल्या गवताची वाट) एकत्र, म्हणजे शंभर यार्डांच्याही वर रुंद, मध्ये एक बंकर नाही. इथं चुकायला जागाच नाही असं सगळे सांगतात. मी ड्रायव्हर काढला, हात थरथरत होते, बॉलच्या डोक्यावर बसला. आपल्याकडं असा टॉप झालेला बॉल चाळीस यार्डांवर गवतात जाऊन गप बसतो. तो गेला, चालतच गेला, एका उंचवट्यावरून उडाला, परत चालला आणि १५० यार्डांवर थांबला. माझा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा, साठीतला बुटका माणूस, त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत नव्हतं, तो म्हणाला, "बघितलंत? जमीन तुमच्या बाजूनं आहे." मला वाटलं चेष्टा करतोय. पुढचे अकरा होल मी तो चेष्टाच करतोय असं समजून खेळलो आणि तिथंच १०७ ची सोय झाली.

कारण असं आहे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेती यांच्या मधली वाळूची पट्टी. खाली वाळू, त्यामुळं पाणी साठत नाही, वर बारीक गवत, खरडून कापल्यासारखं, आणि जमीन टणक. बॉल उतरल्यावर वीस, तीस, कधी चाळीस यार्ड पळतो. तुम्ही १२० यार्डांवरून ग्रीनवर वेजनं (बॉल उंच उडवणारा क्लब) उंच बॉल टाकला की दोन गोष्टी होतात. एक तर तो हवेत असताना वारा त्याला कुठं नेईल ते वाऱ्याच्या मर्जीवर, आणि दुसरं म्हणजे ग्रीनवर पडून तो मागं जातो, खाली उतारावर. तोच बॉल ग्रीनच्या पंचवीस यार्ड अलीकडं टाकला असता तर चालत फ्लॅगजवळ गेला असता. म्हणजे अंतर मोजायचं ते बॉल कुठं पडणार याचं, कुठं थांबणार याचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण सहा वर्षं उलटी सवय लागलेल्या माणसाला फ्लॅगच्या अलीकडं बघून मारायला फार जड जातं.

वेजबद्दल एक गोष्ट. तुमच्या सँड वेजच्या तळाला जो फुगवटा असतो, बाउन्स म्हणतात तो, तो आपल्या मऊ गवतात आणि भुसभुशीत वाळूत उपयोगी. टणक जमिनीवर तो आपटून वर उसळतो आणि ब्लेडची धार बॉलच्या पोटात बसते, बॉल ग्रीनच्या पलीकडं. ६० डिग्रीचा वेज असेल तर घरी ठेवा. ग्रीनच्या आसपास, चाळीस यार्डांच्या आत, मधे बंकर नसेल तर पटर, एरवी ग्रीनवर बॉल ढकलायला वापरतो तो क्लब. हो, चाळीस यार्डांवरून पटर. लोक हसणार नाहीत, तिथले सगळे तेच करतात. आणि पटर जिथं पोचणार नाही तिथून ७ नंबर आयर्न घेऊन पटरसारखाच ढकलायचा.

हे मी इथं कसं शिकलो? जून-जुलैत आपल्याकडं मैदानावर चिखल, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी माझ्या शेडमध्ये. कोबा केलेली जमीन, त्यावर जुनं पातळ कार्पेट टाकलं, २२ मीटर लांब, आणि पलीकडच्या टोकाला मोल्डिंगची एक रिकामी पेटी आडवी ठेवली. पेटीच्या तीन फुटांच्या आत बॉल थांबला पाहिजे. पहिल्या दिवशी पन्नासात नऊ थांबले. बाकीचे पेटीवर ठणठण आपटत होते, आमचा वॉचमन येऊन बघून गेला की मालकाचं बरं आहे ना. दोन महिन्यांनी पन्नासात तीस. हात न वापरता खांद्यानं झोका लांब करायचा, जोर नाही. तुमच्याकडं शेड नसेल तर मोठा हॉल, पार्किंग, काहीही चालेल. सवय झाली पाहिजे ती लांबीची, कारण तिथं चौदा होलांचे ग्रीन जोडीनं आहेत, दोन-दोन होलांना मिळून एक ग्रीन, आणि ते एकरात मोजावे एवढे मोठे. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशा जोड्या, प्रत्येकीची बेरीज अठरा. जाताना फ्लॅग पांढरे, येताना लाल. मी पाचव्याला चुकून तेराव्याच्या लाल फ्लॅगवर मारला आणि ग्रीनवर पोचलो म्हणून खूश झालो, पुढं माझा पांढरा फ्लॅग अजून साठ यार्ड लांब. पटरचे तीन नाही, चार फटके लागले.

स्लाइसचा प्रश्न तुम्ही एका ओळीत लिहिलाय पण तो ओल्ड कोर्सवर मोठा आहे. कोर्स घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, जाताना उजव्या कडेनं जायचं आणि येतानाही उजवी बाजू म्हणजे बाहेरची बाजू. उजवीकडं काटेरी गोर्सची झुडपं, नाहीतर सरळ आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर. डावीकडं मात्र शेजारच्या होलची फेअरवे, म्हणजे चुकून गेलात तरी गवतावरच. डावीकडं गेल्यावर ग्रीनला येणारा कोन वाईट मिळतो, बंकर आडवे येतात, हे खरं, पण तो विचार ५ हँडिकॅपवाल्यानं करायचा. आपण डावीकडं बघून मारायचं. बॉलनं सवयीप्रमाणं उजवीकडं वळायचं ठरवलं तर मधे येईल, नाही ठरवलं तर डावीकडं राहील. ड्रायव्हरपेक्षा हायब्रिड घ्या, पळतोय तेवढा तो पळतोच.

वारा. हा सगळ्यात मोठा परिस्थितीचा भाग, मी इथून काहीच सांगू शकत नाही. वारा नसेल तर ओल्ड कोर्स अवघड नाही, खरंच नाही, आणि २०१४ ला दुपारनंतर जो सुटला त्यात आमच्यातला चांगला खेळणाराही रडकुंडीला आला. आपल्याकडं झोडपणारा पाऊस आणि वारा जुलैत फुकट मिळतो त्याचा फायदा घ्या, उघडीप मिळायची वाट बघत बसू नका. बॉल उजव्या पायाकडं थोडा मागं, हात पुढं, तीन-चतुर्थांश स्विंग, आणि ९ नंबरच्या जागी ७ नंबर. जोर वाढवला की बॉलला फिरकी वाढते आणि तो वाऱ्यात पतंगासारखा वर चढतो. हळू मारलेला खालून जातो. हवा म्हणाल तर ऑगस्टमध्ये पन्हाळ्यावर जुलैत असते त्याहूनही गार धरून चला. आणि चालायची सवय, सहा-सात किलोमीटर सहज होतात, बग्गी मिळत नाही. मी महिनाभर सकाळी बॅग खांद्यावर टाकून रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, लोकांना वाटलं काहीतरी विकायला आलाय.

बंकर शंभराच्या वर आहेत. सगळे दिसत नाहीत, कारण जुन्या काळात कोर्स उलट्या दिशेनंही खेळायचे आणि त्या बाजूनं येणाऱ्याला ते समोर होते. बाराव्याच्या टीवरून बघाल तर फेअरवे स्वच्छ, चालत गेलात की मधे चार-पाच खड्डे तोंड वासून. म्हणून म्हटलं रविवारी चालून या. आता मी फौंड्रीवाला, वाळू दिसली की हात जातो. रविवारी फिरताना मूठभर घेऊन दाबली, आपण मोल्डिंगची वाळू तपासतो तशी. बारीक दाणा, थोडी दमट, मुठीचा ठसा क्षणभर राहिला आणि मग सुटली. म्हणजे बॉल त्यात रुतून बसत नाही, वाळूचा त्रास नाहीच. त्रास भिंतीचा आहे. गवताच्या ढपल्या एकावर एक विटांसारख्या रचून उभी भिंत केलेली असते, जवळ गेलं की थर मोजता येतात, आणि आजूबाजूची जमीन अशी उतरती की वीस फुटांवरून चाललेला बॉलसुद्धा त्यात गोळा होतो. भिंतीला लागून बॉल असेल तर पुढं मारायचं नाही. बाजूला, नाहीतर मागं. अहंकार दुखावतो, पण एक स्ट्रोक जातो, पाच जात नाहीत. अकराव्याला, तो पार ३, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल, समोर स्ट्रॅथ नावाचा छोटासा बंकर आहे, त्यात मी पुढंच मारत राहिलो आणि पाचव्यांदा बाहेर आलो. तिथंच माझ्या कॅडीनं मला सांगितलं की बॉबी जोन्ससारख्या अमेरिकन दिग्गजानंसुद्धा १९२१ च्या ओपनमध्ये याच होलवर वैतागून खेळ सोडला होता. तो माणूस परत येऊन १९२७ ला तिथंच ओपन जिंकला आणि दहाव्या होलला आता त्याचं नाव आहे. मला त्या क्षणी त्याचं काही कौतुक वाटलं नाही, पण बाराव्यापासून मी कॅडीचं ऐकायला लागलो.

त्यामुळं कॅडी घ्याच. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तरी घ्यावाच, फीच्या वर अजून खर्च आहे, टिप रोख द्यायची, पण तो म्हणेल त्या दगडावर, त्या चर्चच्या टोकावर बघून मारायचं आणि बाकी डोकं बंद ठेवायचं.

स्कोअरचं गणित आता करू. पार ७२. नऊ बोगी (पारपेक्षा एक जास्त) आणि नऊ डबल बोगी (दोन जास्त) झाले तरी ९९ होतात. म्हणजे तुम्हाला एकही पार नको, फक्त एकही ८ किंवा ९ नको. आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे होल छोटे आहेत, तिथं काही मिळालं तर मिळालं. मोठे आकडे दोन-तीन ठिकाणीच होतात. चौदाव्याला हेल बंकर, माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा खोल, १९९५ ला जॅक निकलससारख्या दिग्गजानं त्या होलवर १० केले होते. डावीकडं पाचव्याच्या फेअरवेवर जा, लांब पडतं पण हेल टळतो.

आणि सतरावा, रोड होल. टीवरून बॉल हॉटेलच्या शेडवरून मारायचा, पलीकडचं काही दिसत नाही, त्या शेड पूर्वी रेल्वेच्या होत्या त्याचीच ती नक्कल. ग्रीन अरुंद आणि आडवं, पुढं डावीकडं तो खोल बंकर, मागं डांबरी रस्ता आणि दगडी भिंत, आणि रस्त्यावर बॉल गेला तर तिथूनच खेळायचं. हा कागदावर पार ४ आहे, आपल्यासाठी नाही. शेडवरून मारायची हौस असेल तर एकदा मारा, मी मारली, बॉल हॉटेलकडं गेला. डावीकडून मारा, दुसरा शॉट ग्रीनच्या अलीकडं उजवीकडं, तिसरा तिथून पटर. तेवढं करताना बंकरच्या बाजूला जाऊ नका, कारण १९७८ ला नाकाजिमा म्हणून जपानी खेळाडू दोनमध्ये ग्रीनवर होता, त्याचा पट (पटरचा फटका) उतारावरून वळून त्या बंकरात गेला, बाहेर यायला चार लागले आणि एकूण ९. म्हणजे पटरनंसुद्धा बंकरात जाता येतं.

अठराव्याला पुढं काही धोका नाही, उजवीकडं आउट ऑफ बाउंड्स तेवढं सांभाळा आणि ओढा. ओढा म्हणजे स्विल्कन बर्न, आपल्या जयंती नाल्याच्या पुढं पोरगं आहे ते, पण पहिल्याच होलला ग्रीनच्या तोंडाशी आडवं येतं आणि तिथं एक क्लब जास्त घेतला नाही तर बॉल आत. अठराव्याच्या ग्रीनपुढं मोठा खळगा आहे, व्हॅली ऑफ सिन. कॉस्टँटिनो रोक्का नावाच्या इटालियननं १९९५ ला तिथून पटरनंच तो लांबलचक पट घातला आणि प्लेऑफ गाठला, मग जॉन डॅलीकडून हरला. २०१९ ला माझाही बॉल त्याच खळग्यात. मी सवयीनं वेजला हात घातला आणि परत ठेवला, पटर घेतला, शेडमधल्या २२ मीटरचा झोका आठवला आणि मारला. चार फुटांवर थांबला. ते चार फूट मी चुकलो ती वेगळी गोष्ट, नाहीतर ९० झाले असते.

वहिनींसाठी एक सांगायचं राहिलं. कोर्सला लागूनच हिमालयाज म्हणून पटिंगचं मैदान आहे, १८६७ पासून तिथल्या बायकांचा क्लब ते चालवतो, थोडे पौंड दिले की कुणीही खेळू शकतं. नुसत्या टेकड्या-खळगे आणि पटर. तुमचं नाव सोडतीत लागलं नाही त्या संध्याकाळी दोघं जा. माझी बायको आयुष्यात कधी क्लब हातात न धरलेली, तिनं मला तिथं तीन होलनं हरवलं.

ऑगस्टला अजून वेळ आहे. शिरोलीला कधी आलात तर सुट्टीच्या दिवशी दुपारी शेड मोकळं असतं, कार्पेट अजून आहे. पटर तुमचा आणा, बॉल माझ्याकडं आहेत.